नाचणाऱ्या शरीराचा मालक कोण?

एप्रिल उजाडला की आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो : जयंती नाचून नव्हे, वाचून साजरी करा. आम्हीही तो पुढे पाठवला आहे, एकदा नव्हे, अनेकदा. डीजेच्या भिंतीसमोर वर्गणीचे पैसे उडताना पाहून कार्यकर्त्याला राग येतो आणि तो राग खोटा नाही. पण त्या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. वाचणारे डोके विचार करते आणि नाचणारे शरीर करत नाही, असे ते गृहीतक. आम्हीही ते कधी तपासले नव्हते. वस्तीतल्या बायकांच्या एका गटासोबत काम करताना तपासावे लागले. त्या कामाविषयी शेवटी सांगू. त्या निमित्ताने जो इतिहास हाती लागला तो आधी सांगतो, कारण त्याची एक वाट थेट बाबासाहेबांच्या गुरूच्या वर्गातून निघते.

१९१६ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. जॉन ड्यूई यांचे वर्ग त्यांनी केले होते. त्याच वर्षी ड्यूईंचा 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ आला. आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातली एक शिक्षिका पुढच्या शिक्षणासाठी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात दाखल झाली. तिचे नाव मार्गारेट एचडब्लर. ती शारीरिक शिक्षण शिकवायची, मुलींच्या बास्केटबॉलची प्रशिक्षक होती. निघताना तिच्या विभागप्रमुख बाईंनी तिला सांगितले होते, की विद्यापीठातल्या मुलीने वेळ घालवावा अशा लायकीचे नृत्य न्यूयॉर्कमध्ये मिळते का ते बघ. नृत्यशाळांमध्ये तिला तसे फारसे काही सापडले नाही. तिला सापडले ड्यूईंचे तत्त्वज्ञान.

बाबासाहेब आणि ही बाई कधी भेटले असा आमचा दावा नाही. एक गेला आणि दुसरी आली, एवढेच. पण दोघांनी एकाच विहिरीचे पाणी नेले. लोकशाही ही फक्त राज्य चालवण्याची पद्धत नाही, ती एकत्र जगण्याची आणि एकमेकांचा अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार. बाबासाहेबांनी तो १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीच्या मुळावर घातला आणि तिथे ड्यूईंचा आपले शिक्षक म्हणून उल्लेखही केला. एचडब्लरने तोच विचार व्यायामशाळेच्या फरशीवर नेला. ती मुलींना स्वतः नाचून दाखवत नसे. त्यांना जमिनीवर आडवे पडायला सांगायची. खोलीत माणसाचा हाडांचा सांगाडा उभा असायचा. खांदा कसा फिरतो, पाठीचा कणा कुठे वाकतो, हे आधी समजून घ्या आणि मग तुमची हालचाल तुम्हीच शोधा, असा तिचा वर्ग. माझी नक्कल करू नका, ही तिची अट. १९२६ साली विस्कॉन्सिनमध्ये अमेरिकेतला नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला तो तिच्यामुळे.

गुरूने करून दाखवायचे आणि शिष्याने हुबेहूब गिरवायचे, या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लहान वाटू नये. गुरू-शिष्य परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांना एकलव्याच्या अंगठ्याविषयी विचारले की ते विषय बदलतात. इथे एक शिक्षिका मुलींना सांगत होती, की तुझ्या शरीराबद्दलचे ज्ञान तुझ्याच शरीरात आहे.

१९३८ च्या सुमारास या वर्गात इलिनॉयमधली एक ज्यू मुलगी आली, ॲना. पुढे लॉरेन्स हाल्प्रिन या भूदृश्यरचनाकाराशी लग्न करून ती ॲना हाल्प्रिन झाली. अमेरिकेत तेव्हा मार्था ग्रॅहॅम, डोरिस हंफ्री या मोठ्या नर्तकींचे आधुनिक नृत्य जोरात होते. १९५५ साली ॲना न्यूयॉर्कच्या एका महोत्सवात नाचायला गेली आणि तिथे तिला दिसले, की जो तो आपापल्या गुरूची प्रत झाला आहे. वैतागून ती कॅलिफोर्नियाला परतली. सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरीन काउंटीत, टामलपायस डोंगराच्या पायथ्याशी तिच्या नवऱ्याने झाडे न तोडता, झाडांना वळसा घालून एक उघडा लाकडी मंच बांधला होता. भिंती नाहीत, पडदा नाही, आरसा नाही. १९६० च्या उन्हाळ्यात या मंचावरच्या कार्यशाळेला सिमोन फोर्टी, इव्हॉन रेनर, ट्रिशा ब्राउन अशी तरुण मंडळी आली. इथे घरकामाच्या, झाडण्याच्या, वाहण्याच्या हालचालीही नृत्याचा कच्चा माल होत्या. हीच मंडळी न्यूयॉर्कला गेली आणि जुलै १९६२ मध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये त्यांनी व त्यांच्या मित्रांनी जे कार्यक्रम सुरू केले, त्यांना पुढे उत्तरआधुनिक नृत्य हे भारदस्त नाव मिळाले.

नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. नाचण्यासाठी विशेष शरीर लागत नाही. चालणे, बसणे, ओझे उचलणे हेही नृत्य होऊ शकते. स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाच्या १९६७ च्या एका रचनेत बेचाळीस माणसे मंचावरून नुसती चालत जातात, काही थांबतात, काही खुर्चीवर बसतात. बस्स. हे ऐकून आपला एक मित्र हसला आणि म्हणाला, यात काय मोठे? आम्ही त्याला विचारले, २० मार्च १९२७ ला महाडला आपल्या माणसांनी काय केले होते? ते चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्यायले. कुणी कुठे चालायचे हे ज्या समाजात ठरलेले असते, तिथे चालणे साधे नसते. अर्थात न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये चालणाऱ्यांच्या डोक्यात लाठी बसणार नव्हती. हा फरक लक्षात ठेवू, तो पुढे लागणार आहे.

ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या वस्तीत उठाव झाला. एका काळ्या तरुणाच्या अटकेवरून ठिणगी पडली. सहा दिवसांत ३४ माणसे मेली. दारूगोळा मात्र जुना होता : पोलिसांची दादागिरी, बेकारी, घरांची कोंडी. त्यानंतर स्टुडिओ वॉट्स या तिथल्या कलाशाळेचे प्रमुख जेम्स वूड्स यांनी ॲना हाल्प्रिनला कार्यक्रम करायला बोलावले. तिने उत्तर दिले ते महत्त्वाचे आहे. तुमच्यासाठी नाचणार नाही, तुमच्यासोबत काहीतरी करीन, असे ती म्हणाली. मग काही महिने ती वॉट्सला जाऊन तिथल्या काळ्या तरुण-तरुणींसोबत काम करू लागली आणि इकडे सॅन फ्रान्सिस्कोत गोऱ्यांच्या गटाकडून तेच काम करून घेऊ लागली. पावले शिकवायची नाहीत. सूचना द्यायच्या, आणि त्या सूचनेचे काय करायचे ते गटाने ठरवायचे. शेवटी दोन्ही गट एका खोलीत आणले.

त्या खोलीत जे झाले ते गोडगोड नव्हते. पुरुषांमध्ये चढाओढ लागली. काळा पुरुष आणि गोरी बाई यांच्याविषयी अमेरिकेच्या डोक्यात जे विष शतकानुशतके भरलेले होते, ते सगळे स्पर्शाबरोबर वर आले. भीती, आकर्षण, राग. त्यातूनच 'सेरेमनी ऑफ अस' हा प्रयोग उभा राहिला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरम या नामांकित नाट्यगृहात झाला. प्रेक्षकांना आत येताना दोन दारे होती. एका दाराशी काळे कलावंत रांगेत उभे, दुसऱ्या दाराशी गोरे. कुठून आत जायचे ते तुम्ही निवडा. नाटक सुरू होण्याआधीच प्रेक्षकाची जात, म्हणजे वर्ण, त्याच्या पायांनी सांगायला लावला. हा एक क्षण आम्हाला त्या संपूर्ण प्रयोगाइतका मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सभागृहाला दोन दारे ठेवली, तर कोण कुठून शिरेल?

पण इथेच आमचा पहिला आक्षेप आहे. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, ॲनाने पुढे काळ्या-गोऱ्यांचा मिश्र संच बांधला, सरकारी अनुदानावर प्रशिक्षण चालवले. हे सगळे तिच्या नावावर जमा आहे आणि त्यात दांभिकपणा नव्हता असेच आमचे मत आहे. तरी मंच मरीन काउंटीत राहिला, जी अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत भागांपैकी एक आहे. पद्धत तिची राहिली. सूचना कोण लिहिते, जागा कुणाची, इतिहासात नाव कुणाचे, हे प्रश्न वॉट्सच्या उठावानंतरही जिथल्या तिथे होते. वॉट्सच्या त्या तरुणांची नावे आज किती जणांना माहीत आहेत? सहभोजनाच्या पंगतीत जेवून घरी गेल्यावर सवर्ण सुधारक सुधारकच राहायचा आणि आपला माणूस पुन्हा वेशीबाहेर, हे आपण फार जवळून पाहिले आहे. बाबासाहेबांनी सहभोजनाला जातिअंताचा उपाय मानले नाही ते याचसाठी.

१९७२ मध्ये ॲनाची गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. ती विद्यार्थ्यांकडून चित्रे काढून घ्यायची आणि चित्रातले नाचायला सांगायची. स्वतःचे चित्र काढताना तिने ओटीपोटाच्या जागी एक गोल, राखाडी गोळा काढला. तो तिला नाचता येईना. ती डॉक्टरकडे गेली. तिथेच कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांनी तो उलटला. तेव्हा तिने स्वतःएवढ्या आकाराचे चित्र काढले, त्यात राग आणि भीती ओतली, आणि घरच्यांसमोर, विद्यार्थ्यांसमोर ते नाचली, किंचाळत, रडत. त्यानंतर आजार ओसरला. ती २०२१ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी गेली.

आता सावध राहू. आपण बुद्धाची माणसे आहोत. नाचल्याने कर्करोग जातो असे कुणी सांगू लागला तर त्याला बाबांच्या दरबारातच पाठवायला हवे. शस्त्रक्रिया झाली होती हे विसरून चालणार नाही. खुद्द ॲना रोग जाणे आणि माणूस सावरणे या दोन गोष्टी वेगळ्या धरत असे. रोग जाईल किंवा जाणार नाही, ते औषधाचे काम. पण भीतीने गोठलेले, स्वतःच्याच शरीराची शिसारी आलेले माणूस पुन्हा त्या शरीरात राहायला येऊ शकते का, हा दुसरा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नावर तिने पुढची चाळीस वर्षे काम केले. १९७८ मध्ये मुलगी डारिया हिच्यासोबत तिने टामल्पा इन्स्टिट्यूट काढली.

त्याच डोंगराची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. १९७९ पासून टामलपायसच्या पायवाटांवर बायकांचे खून होत होते, लोकांनी डोंगरावर जाणे सोडले होते. १९८१ मध्ये ॲना आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना जमवून नृत्य केले आणि ते सगळे मिळून त्या वाटांवर चालले. थोड्याच दिवसांत खुनी पकडला गेला. मग काही जण म्हणू लागले, बघा. आम्ही म्हणतो, खुनी पोलीस तपासात सापडला, नृत्याने नव्हे. मेक्सिकोतल्या हुइचोल आदिवासींच्या एका वयोवृद्ध वैदूच्या सांगण्यावरून हा विधी पुढची वर्षे चालू ठेवला गेला, याही गोष्टीवर आम्हाला प्रश्न आहे. ज्या डोंगरावरून मूळच्या मिवोक लोकांना हुसकावले, त्याच डोंगरावर सुखवस्तू गोऱ्यांनी आदिवासींकडून विधी उसना घ्यावा, हे आपल्याला ओळखीचे वाटत नाही का? पण भीतीने बंद झालेल्या वाटेवर लोक एकत्र चालले, हे त्यातले जे खरे आहे ते आम्ही टाकून देणार नाही.

ऐंशीच्या दशकात एड्स आला. रुग्णांच्या ताटाला हात लावायला माणसे घाबरत होती. दवाखान्यात जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवून जात. आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको, याला आपल्या भाषेत शब्द आहे. ॲना तेव्हा साठी ओलांडलेली बाई. तिने एचआयव्ही असलेल्या पुरुषांचा एक गट बांधला, बायकांचा वेगळा. १९८९ च्या मोठ्या प्रयोगात बाधित आणि बाधा नसलेले एकत्र नाचले. एकमेकांना धरून, उचलून, अंगावर रेलून. परिणामकारक औषध अजून नव्हते. ती माणसे मरणार होती आणि त्यातली बरीच मेली. पण मरण्याआधी त्यांना कुणीतरी शिवले. याला सावरणे म्हणायचे की नाही ते ज्याच्या वाट्याला विटाळ आला आहे त्याने ठरवावे.

स्पर्शाचीच आणखी एक कथा याच परंपरेत आहे. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टनने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन नावाचा प्रकार सुरू केला. दोन माणसांनी एकमेकांवर वजन टाकायचे, घसरायचे, पडायचे, झेलायचे. आधी काही ठरलेले नाही. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली, ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला तो सोडवत नाही. इकडे ज्यांना शिवत नव्हते ते उठले आणि तिकडे शिवणे हीच कला झाली. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणे सर्वांसाठी खुले, त्यात गुरू नाही, उतरंड नाही. प्रत्यक्षात त्या खोल्या जवळजवळ पूर्ण गोऱ्या होत्या.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कला या प्रकाराच्या दशकपूर्तीच्या सुमारास इश्माएल ह्यूस्टन-जोन्स आणि फ्रेड हॉलंड हे दोन काळे नर्तक आले आणि त्यांनी सगळे मुद्दाम चुकीचे केले. त्यांनी स्वतःसाठी एक उलटा जाहीरनामाच लिहिला होता. आम्ही काळे आहोत, इथपासून तो सुरू होतो. सैल मऊ कपड्यांऐवजी रस्त्यावरचे कपडे, अनवाणी पायांऐवजी जड बूट, शांततेऐवजी आपसात गप्पा, आणि अलगद झेलण्याऐवजी मुद्दाम पाडणे. स्पर्श निरागस असतो असे तुम्हाला वाटते, कारण तुमच्या शरीराकडे कुणी संशयाने पाहत नाही, हे त्यांनी सांगितले. परिषदांतून समानतेवर बोलणाऱ्या आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना हे दृश्य दाखवावेसे वाटते.

मग बिल टी. जोन्स. आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा त्याच्याकडे आहे. १९५२ चा जन्म, फिरस्त्या शेतमजुराच्या घरातले बारा भावंडांमधले दहावे मूल. आईबापांनी दक्षिणेतून उत्तरेकडे पिकांमागे फिरत पोट भरलेले. आपल्याकडे ऊसतोड कामगाराचे पोर म्हणतो तसे. त्याने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन शिकले, आर्नी झेन या साथीदाराबरोबर स्वतःचा संच काढला. १९८८ मध्ये झेन एड्सने गेला. जोन्स स्वतः एचआयव्हीबाधित होता आणि ते त्याने लपवले नाही. पुढे त्याने अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांत दुर्धर आजार असलेल्या सामान्य माणसांच्या कार्यशाळा घेतल्या. त्यांना तो सांगे, तुमचे आयुष्य या खोलीत चालून दाखवा, कुठे वळलात, कुठे थांबलात ते. तुमच्या आजाराला एक हालचाल द्या. त्या हालचाली आणि त्यांचे शब्द घेऊन १९९४ मध्ये 'स्टिल/हिअर' हे नृत्य तयार झाले. मंचावर त्याच्या संचातले नर्तक होते, मागे पडद्यावर त्या माणसांचे चेहरे.

'न्यूयॉर्कर' या प्रतिष्ठित साप्ताहिकात आर्लीन क्रोची ही अमेरिकेतली सर्वांत वजनदार नृत्यसमीक्षक लिहायची. डिसेंबर १९९४ मध्ये तिने या नृत्यावर लांबलचक लेख लिहिला आणि त्यात पहिल्यांदाच जाहीर केले, की मी हे पाहिलेले नाही आणि पाहणार नाही. तिच्या मते ही पीडितांची कला होती. खरे मरणारे लोक मंचावर आणले की समीक्षकाने काय करायचे? दया दाखवायची? आणि कलेला समाजकार्याला जुंपणाऱ्या अनुदानांनी हे सगळे बिघडवले, असेही तिचे म्हणणे. जॉइस कॅरल ओट्स या कादंबरीकार बाईंनी तिला सडेतोड उत्तर दिले. वाद महिनोन्महिने चालला.

न पाहता नाकारणे. न वाचता नाकारणे. सत्तरच्या दशकात आपल्या कवितेला आणि आत्मकथनांना मराठी साहित्याच्या ओट्यावरून हेच ऐकवले गेले : हे साहित्य नाही, समाजशास्त्र आहे, रडगाणे आहे, यात कला कुठे आहे. ज्याचे दुःख आहे त्याने ते मांडले की ते कच्चे. तेच दुःख दुसऱ्या कुणी मांडले की ती करुणा. क्रोचीचा लेख वाचताना आम्हाला परदेशी काही वाचतो आहोत असे वाटलेच नाही.

तरीही तिचा एक प्रश्न आम्ही झटकणार नाही. दुःख खरे आहे म्हणून कलाकृती चांगली ठरत नाही, हे बरोबर आहे. आपल्याही चळवळीत, बाबासाहेबांचे नाव घेतले म्हणून वाईट गाण्याला वाईट म्हणायची चोरी झाली आहे. पण परीक्षण करायचे तर आधी पाहायला हवे ना?

आणि आता तो फरक, जो मागे बाजूला ठेवला होता. या गोऱ्या प्रयोगकर्त्यांसाठी कौशल्य टाकून देणे, साधे चालणे, हे स्वातंत्र्य होते, कारण त्यांचे शरीर आधीच त्यांचे होते. ज्यांना नाचावेच लागले त्यांचे काय? तमाशाच्या फडात, देवाला सोडलेल्या मुरळीच्या आणि जोगतिणीच्या वाट्याला आलेले नृत्य हे कुणाचे आत्माविष्कार नव्हते, ते जातीने लादलेले काम होते आणि त्या शरीरावर गावाची मालकी होती. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत हे जिणे सोडा असे निक्षून सांगितले. त्या बायकांसाठी न नाचणे हे स्वातंत्र्य होते. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच गुंत्यात हात घालतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी वाचावा. आणि त्याच काळात भीमराव कर्डकांसारखे आपले शाहीर तमाशाचाच साचा घेऊन आंबेडकरी जलसे गावोगाव नेत होते. म्हणजे साचा टाकला नाही, मालक बदलला.

या कसोटीवर पाहिले तर जवोले विला जो झोलर या काळ्या नर्तकीचे काम आम्हाला जवळचे वाटते. तिने १९८४ मध्ये 'अर्बन बुश विमेन' हा संच न्यूयॉर्कमध्ये काढला. काळ्या बायकांच्या केसांवरून त्यांना आयुष्यभर जे ऐकावे लागते, त्यावर तिने नृत्य केले. त्यासाठी लोकांमध्ये जाऊन गप्पांच्या बैठका घेतल्या, आधी बोलणे, मग हालचाल. इथे बाहेरून कुणी बरे करायला आलेले नव्हते.

आपल्या देशातही आता नृत्योपचार हा शिकायचा विषय झाला आहे. कोलकाता संवेद ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत हे काम करते, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तिच्या सहकार्याने अभ्यासक्रम चालवला गेला. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांबरोबर नृत्यवर्ग घेत आले आहेत. समाजकार्याकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी इकडे पाहावे असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. शहरातल्या महागड्या स्टुडिओत दोन तासांत मन मोकळे करून देणारी जी दुकाने निघाली आहेत त्यांच्याविषयी मात्र आम्ही काही बोलत नाही.

तर आमचा गट. कंत्राटी सफाईचे काम करणाऱ्या बायका, समाजमंदिरात गुरुवारी संध्याकाळी जमतात. कोरोनानंतर त्यातल्या काहींच्या घरी माणसे राहिली नव्हती, काहींची झोप गेली होती. एका प्रशिक्षक ताईंना आम्हीच बोलावले. त्यांनी मंद संगीत लावले आणि म्हणाल्या, डोळे मिटा, शरीर मोकळे सोडा, वाऱ्यासारखे हला. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. एकही उठली नाही. एक मावशी म्हणाल्या, पोरी, आम्ही काय तमाशातल्या आहोत का? ताईंचा चेहरा पडला. चूक त्यांची एकट्यांची नव्हती. आम्ही इतकी पुस्तके वाचून त्यांना आणले होते आणि खोलीत कोण बसले आहे हेच विसरलो होतो.

पुढच्या गुरुवारी संगीत नव्हते. खांदा दुखतो अशी तक्रार करणाऱ्या एकीला आम्ही विचारले, आक्का, डबा कसा उचलता ते दाखवा. तिने दाखवले. दुसरी म्हणाली, असं नाही, आधी गुडघा वाकव. तिसरी उठली. अर्ध्या तासात नऊ जणी उभ्या होत्या, कुणी खराट्याचा हात दाखवत होती, कुणी घंटागाडीवर चढत होती. मग एकीने मुकादमाची चाल काढली, पोट पुढे आणि हात मागे, आणि सगळ्या भिंतीला टेकून हसल्या. त्या चालीची नंतर प्रत्येकीने आपापली आवृत्ती केली. याला नृत्य म्हणायचे का, असे आम्ही मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, काय म्हणायचं ते म्हणा, पण नाच म्हणू नका.

एक जण अजून उठलेली नाही. तिचा नवरा आणि सासू एकाच महिन्यात गेले. ती दाराजवळ बसते, बघते, चहा घेऊन जाते, आणि एकही गुरुवार चुकवत नाही. तिने आजवर एकदाच सूचना केली : बाहेरून पोरं डोकावतात, खिडक्यांना पडदे लावा. वर्गणी निघाली आहे, कापड आणायला मावशी रविवारी बाजारात जाणार आहेत.